साड्यांवरचा खर्च आवरताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

साडी दिसली की मोह आवरत नाही, कपाटात हात घालायला जागा उरलेली नाही, तरीही कार्यक्रमाच्या दिवशी नेसण्याजोगे काही सापडत नाही आणि महिनाअखेरीला खात्यातील शिल्लक पाहून जीव कासावीस होतो, अशी ज्यांची अवस्था आहे आणि ज्यांनी ही सवय बदलायचे नुकतेच मनाशी ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. मी स्वतः नोकरीला लागल्यापासून सुमारे दहा वर्षे या सवयीत होते आणि त्यातून बाहेर यायला मला जवळजवळ तीन वर्षे लागली. माझा खर्च साड्यांवर होत होता, म्हणून उदाहरणे साड्यांची दिली आहेत. कुर्ते, ड्रेस, शर्ट किंवा बूट यांच्याबाबतही हीच पद्धत थोड्याफार फरकाने वापरता येते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण ती न कळल्यामुळे माझी पहिली दोन वर्षे वाया गेली. दुकानात उभे राहून, समोर साडी उलगडलेली असताना केलेला निश्चय टिकत नाही. त्या क्षणी रंग, पोत, विक्रेत्याचे बोलणे, सोबतच्या मैत्रिणीचा उत्साह हे सगळे साडीच्या बाजूने असते आणि आपल्या बाजूने फक्त एक धूसर अपराधी भावना असते. त्यामुळे खर्च आवरण्याचे खरे काम घरी, काहीही विकत घ्यायचे नसते अशा दिवशी, वही आणि पेन घेऊन करावे लागते. पुढच्या बहुतेक पायऱ्या घरातल्याच आहेत.

पहिली पायरी: कपाट बाहेर काढून मोजणे

एखादा मोकळा रविवार ठरवावा आणि घरातील सर्व साड्या एकाच वेळी पलंगावर किंवा सतरंजीवर मांडाव्यात. सर्व म्हणजे खरोखर सर्व: कपाटातल्या, पलंगाखालच्या पेटीतल्या, माहेरी ठेवलेल्या, शिंप्याकडे पडून असलेल्या, आणि आहेरात येऊन अजून खोक्यातून बाहेरही न निघालेल्या. भागाभागाने मोजू नये. आज वरचा कप्पा, पुढच्या आठवड्यात खालचा, असे केले की आकडा मनात बसत नाही, आणि या पायरीचा सारा उपयोग तो आकडा मनात बसण्यातच आहे. माझ्याकडे ९४ साड्या निघाल्या. मला विचारले असते तर मी पन्नासएक सांगितल्या असत्या.

मग वहीत प्रत्येक साडीची एक ओळ लिहावी. साडी कोणती, ती स्वतः घेतली की भेट आली, अंदाजे किंमत, शेवटची केव्हा नेसली, आणि तिचा ब्लाउज आज अंगाला होतो का, एवढे पुरे. शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या ९४ साड्यांपैकी ३८ साड्या केवळ ब्लाउज घट्ट झाला, शिवलाच नाही किंवा सापडत नाही म्हणून वापरातून गेल्या होत्या. मला साड्यांची कमतरता भासत होती, ती खरे तर ब्लाउजची कमतरता होती. पूर्वीचे शिंपी ब्लाउजच्या शिवणीत दोन्ही बाजूंना माया ठेवत आणि अजूनही अनेक जण ठेवतात. ती माया सोडवून घेतली तर बरेच ब्लाउज पुन्हा अंगाला होतात, आणि त्यासाठीची मजुरी नव्या साडीच्या किमतीपुढे नगण्य असते. काळा, सोनेरी, मरून आणि मोतिया अशा चार रंगांचे चांगले बसणारे चार ब्लाउज शिवून घेतले, तर त्यांच्यावर निम्म्याहून अधिक साड्या नेसता येतात. नव्या साडीची इच्छा झाली की आधी जुन्या साडीचा ब्लाउज दुरुस्तीला द्यायचा, हा नियम मी आजही पाळते. शिंप्याकडून ती साडी परत येते तेव्हा ती नवी आल्यासारखीच वाटते, हा माझा अनुभव आहे.

मोजणी झाली की साड्या परत ठेवताना सगळ्यांच्या घडीची दुमड एकाच दिशेला, भिंतीकडे करून ठेवावी. जी साडी नेसली जाईल ती धुऊन किंवा इस्त्री करून ठेवताना दुमड आपल्याकडे करावी. सहा महिन्यांनी कपाट उघडले की कोणत्या साड्यांना हातही लागलेला नाही, हे वेगळी नोंद न ठेवता दिसते.

दुसरी पायरी: गेल्या बारा महिन्यांचा हिशेब

बँकेचे विवरण, यूपीआय ॲपमधील व्यवहारांची यादी आणि कपाटातल्या पिशव्यांत राहिलेल्या पावत्या घेऊन बसावे आणि गेल्या वर्षभरात कपड्यांवर झालेला प्रत्येक खर्च लिहून काढावा. रोख खर्च आठवेल तसा मांडावा. या हिशेबात केवळ साडीची किंमत धरणे ही सर्वांची पहिली चूक असते. समजा, साडी १,८०० रुपयांची आहे. फॉल-पिकोचे १५०, अस्तरासह ब्लाउजच्या शिलाईचे ८००, जुळणाऱ्या परकराचे ३००, आणि वर्षभरात दोनदा ड्रायक्लीनिंगला दिली तर त्याचे ३०० असे धरले, तर ती साडी ३,३५० रुपयांना पडली. हे दर गावानुसार बदलतील, परंतु साडीच्या किमतीवर जवळजवळ तेवढाच खर्च नंतर होतो, हे प्रमाण मला माझ्या हिशेबात वारंवार आढळले. स्वस्त साडीच्या बाबतीत तर ते अधिकच बोचते, कारण ७०० रुपयांच्या साडीचा ब्लाउजही ८०० रुपयांतच शिवून मिळतो.

त्यानंतर प्रत्येक खरेदीसमोर ती कशासाठी होती, हे लिहावे. त्या वर्षी मी २७ साड्या घेतल्या होत्या. त्यांपैकी ११ आहेर आणि मानपानाच्या होत्या, ५ नवरात्रातील रंग आणि कार्यालयातील ठरवलेला पेहराव यांसाठी, ३ जवळच्या लग्नांसाठी, आणि उरलेल्या ८ साड्यांसमोर मला काहीच लिहिता आले नाही. मी स्वतःला साड्यांची वेडी समजत होते, पण खर्चाचा सर्वांत मोठा भाग मी इतरांना देण्यासाठी करत होते. आपल्याकडे ओटी भरणे, डोहाळजेवण, भाऊबीज, लग्नातील विहिणींचा मान, मुलीकडची आणि मुलाकडची देवाणघेवाण या सर्वांत साडी आहेच, आणि हा खर्च 'द्यावाच लागतो' या सदरात जाऊन पडत असल्यामुळे त्याचा हिशेब कोणी करत नाही. स्वतःसाठीचा खर्च आणि देण्याघेण्याचा खर्च वेगळा केल्याशिवाय आपली सवय नेमकी किती आहे, हे कळत नाही. कृपया या दोन रकमा वेगवेगळ्या पानांवर लिहाव्यात.

तिसरी पायरी: मोह कोणत्या वेळी होतो, ते ओळखणे

पुढचा एक महिना खरेदीवर कोणतेही बंधन न घालता केवळ नोंद ठेवावी. साडी घ्यावीशी वाटली ती वेळ, ठिकाण आणि त्या आधी काय घडले होते, एवढेच लिहायचे. माझ्या नोंदींत दोन वेळा सारख्या येत होत्या: पगार जमा झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि रात्री साडेनऊनंतर, स्वयंपाकघर आवरून फोन हातात घेतल्याची वेळ. दुसऱ्या वेळी मला साडी हवी नसायची. दिवसभर सर्वांचे करून झाल्यावर केवळ माझ्यासाठी असे काहीतरी हवे असायचे, आणि फोनवर ते सर्वांत सहज मिळत होते. हे कळल्यावर त्या वेळेसाठी मी दुसरे काहीतरी ठरवले; काही दिवस चालायला गेले, काही दिवस जुन्या साड्यांना घड्या घालत बसले. प्रत्येकीचे कारण निराळे असेल, म्हणून ही नोंद दुसऱ्या कोणाची उपयोगी पडत नाही.

वैयक्तिक कारणांखेरीज काही प्रसंग मात्र सर्वांनाच सामायिक आहेत. आषाढात लग्ने फारशी नसतात, दुकानांत गर्दी नसते, म्हणून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यापासून दादरपर्यंत सेल लागतात. दुकानदाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे की तो सेल त्याला माल हलवायचा आहे म्हणून असतो. नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा गेल्या दोन दशकांत वृत्तपत्रे आणि समाजमाध्यमांमुळे घरोघरी पोहोचली; तिला धर्मशास्त्रात आधार नाही आणि एखाद्या दिवशी ठरलेला रंग नेसला नाही तर देवीच्या उपासनेत काहीही उणे पडत नाही. पहिल्या पायरीतील वही उघडून नऊ रंग शोधले, तर सात तरी घरातच सापडतात, आणि राहिलेल्या दोन दिवसांसाठी त्या रंगाचा ब्लाउज किंवा ओढणी पुरते. संक्रांतीची काळी साडी दरवर्षी नवी असावी, असेही कोठे सांगितलेले नाही.

साडी भिशी आणि समाजमाध्यमांवरील थेट विक्री या दोन गोष्टींबाबत मी अधिक कठोर मत देईन. भिशीत दरमहा ठरावीक रक्कम भरली जाते आणि शेवटी त्या दुकानातूनच साडी घ्यावी लागते, म्हणजे गरज नसतानाही खरेदी आधीच ठरून जाते. वर तोवर साठलेल्या रकमेत थोडी भर घालून अधिक भारी साडी घेण्याचा मोह होतो. थेट विक्रीत विक्रेती साडी दाखवते, शेकडो बायका एकाच वेळी पाहत असतात आणि जी आधी 'बुक' लिहील तिची साडी होते. तिथे विचार करायला अवधी मिळू नये, अशीच रचना असते. ज्यांना ही सवय आवरायची आहे त्यांनी किमान पहिले वर्ष या दोन्हींपासून पूर्णपणे दूर राहावे.

चौथी पायरी: वर्षाची रक्कम आणि देण्याघेण्याची बोलणी

'वर्षभर एकही साडी घेणार नाही' असा संकल्प करू नये. मी तो केला होता. तो दिवाळीत मोडला, आणि एकदा मोडल्यावर आता काय उरले असे वाटून पुढच्या दोन महिन्यांत मी सहा साड्या घेतल्या. त्याऐवजी दुसऱ्या पायरीत निघालेल्या स्वतःसाठीच्या खर्चातून एक तृतीयांश कमी करून येणारी रक्कम पहिल्या वर्षासाठी ठरवावी. गेल्या वर्षी स्वतःवर ३६,००० रुपये गेले असतील, तर यंदा २४,००० ठेवावेत. फॉल, ब्लाउज, परकर हे सर्व याच रकमेत बसवावे. शक्य असल्यास ही रक्कम वेगळ्या बचत खात्यात दरमहा २,००० रुपये याप्रमाणे टाकावी आणि कपड्यांचे पैसे केवळ त्याच खात्यातून द्यावेत. खात्यात पैसे साठेपर्यंत थांबावे लागते, आणि थांबण्याची हीच सवय आपल्याला लावून घ्यायची आहे.

देण्याघेण्याच्या खर्चाला वेगळा उपाय लागतो, कारण तो एकटीने कमी करता येत नाही. त्यासाठी बोलावे लागते, आणि हे बोलणे प्रसंगाच्या तोंडावर करण्यापेक्षा दोन महिने आधी केलेले बरे. मला सर्वांत अवघड वाटले होते ते थोरल्या नणंदेशी बोलणे. एकदा धीर करून मी त्यांना म्हटले, "वन्सं, यंदा भाऊबीजेला साडी आणण्याऐवजी तुम्हाला घरात काय हवे आहे ते सांगा, आम्ही तेच आणू." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी किती दिवस हेच म्हणणार होते. माझ्याही कपाटात आता जागा नाही." सगळीकडे इतके सहज उत्तर मिळेल असे नाही. पण साडी घेणारीचीही तीच अडचण असते, हे मला त्या दिवशी कळले. आज पुष्कळ लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नयेत' अशी ओळ छापलेली असते. ती मनापासून छापलेली आहे असे समजून पाळावी. जिथे द्यायलाच हवे तिथे पाकिटातून रक्कम द्यावी, किंवा ओटीला खण-नारळ द्यावा, जो शास्त्राला धरूनही आहे आणि घेणारीला उपयोगीही पडतो. आहेरात आलेली साडी पुढे देण्यात कमीपणा मानू नये. मात्र कोणाकडून आली याची चिठ्ठी घडीत ठेवावी, म्हणजे ती त्याच घरी परत जाणार नाही.

पाचवी पायरी: पैसे देणे थोडे अवघड करणे

फोनवर दोनदा बोट लावले की पैसे जातात, ही सोय इतर वेळी चांगली असली तरी आपल्या कामाची नाही. म्हणून पुढील गोष्टी एकाच बैठकीत उरकाव्यात. खरेदीची ॲप फोनवरून काढून टाकावीत. खरोखर गरज असेल तेव्हा संगणकावर संकेतस्थळ उघडता येते. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक बँकेला कार्डाचा ऑनलाइन वापर चालू-बंद करण्याची आणि त्याची मर्यादा ठरवण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन वापर बंद ठेवावा, आणि तिकीट वगैरे काढायचे असेल तेव्हाच तो चालू करावा. दुकानांच्या संकेतस्थळांवर १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, पण आपण संमती दिली असेल तर त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या क्रमांकाऐवजीचा सांकेतिक क्रमांक, साठवलेले असते. तेही काढून टाकावे. साड्यांचे व्हॉट्सॲप गट सोडावेत. नुसते आवाज बंद करून ठेवलेले गट आपण रात्री उघडतोच. जाहिरातींचे संदेश आणि फोन थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी करता येते.

क्रेडिट कार्डाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बिलाची पूर्ण रक्कम न भरता केवळ 'किमान देय' भरले, तर उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १२,००० रुपयांची पैठणी घेऊन ते पैसे थकवले तर एका महिन्याचे व्याज ४२० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ५०० रुपये केवळ एका महिन्याचे जातात. शिवाय बाकी थकलेली असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. ज्यांच्या कार्डावर आधीच बाकी आहे, त्यांनी चौथ्या पायरीतील वार्षिक रक्कम ठरवण्याआधी ती बाकी फेडावी आणि तोवर नवे कापड घेऊ नये. या एका बाबतीत मी सवलत सुचवणार नाही.

ऑनलाइन दुकानांत 'फक्त दोन नग शिल्लक', 'सवलत संपायला सात मिनिटे', न मागता टोपलीत आलेली वस्तू, शेवटच्या पानावर वाढलेली किंमत असे जे प्रकार दिसतात, त्यांपैकी खोटे आणि फसवे प्रकार आता नियमबाह्य आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या रचनांची यादी दिली आहे, आणि त्यांत खोटी घाई दाखवणे व टोपलीत गुपचूप वस्तू घालणे यांचा समावेश आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. मला या यादीचा वेगळाच उपयोग झाला. पडद्यावरची ती घाई माझ्या इच्छेतून आलेली नसून कोणीतरी जाणूनबुजून रचलेली आहे, हे कळल्यावर तिचा माझ्यावरचा परिणाम कमी झाला.

सहावी पायरी: दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर येणे

ही पायरी ऐकायला सोपी आणि करायला सर्वांत कठीण आहे. साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर आपल्यासमोर एकामागून एक साड्या उलगडल्या जातात, "ताई, बघायचे पैसे नाहीत" असे म्हटले जाते, पाणी येते, कधी चहाही येतो, आणि तीस साड्यांचा ढीग झाल्यावर काहीही न घेता उठणे म्हणजे त्या माणसाचे श्रम वाया घालवणे आहे, असे वाटू लागते. ही भीड चांगुलपणातून येते, म्हणूनच ती मोडणे जड जाते. पण साड्या दाखवणे हे त्या विक्रेत्याचे रोजचे काम आहे, दिवसभरात कित्येक गिऱ्हाइके न घेता जातात आणि तो त्याचा राग धरत नाही, हे मला एका ओळखीच्या विक्रेत्यानेच सांगितले.

यासाठी बोलण्याची वाक्ये आधीच ठरवून ठेवावीत. आत शिरतानाच "दादा, आज फक्त पाहायला आले आहे, घेणार नाही" असे सांगावे. मग तो जितक्या दाखवायच्या तितक्याच दाखवतो. उठताना "साड्या सुंदर आहेत, विचार करून सांगते" एवढेच म्हणावे आणि कारणे देत बसू नये, कारण प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर असते. रंग पसंत नाही म्हटले तर दुसरा रंग निघतो, किंमत जास्त आहे म्हटले तर किंमत कमी होते. पहिल्या काही वेळा पाकिटात फक्त रिक्षापुरते पैसे ठेवून आणि फोन घरी ठेवून दुकानात जावे, आणि खरोखर न घेता परत यावे. असे तीनदा केले की चौथ्या वेळी भीड पुष्कळ ओसरलेली असते.

मनापासून आवडलेल्या साडीसाठी प्रतीक्षेचा नियम ठेवावा. २,००० रुपयांपर्यंतच्या साडीसाठी एक आठवडा, त्याहून महाग साडीसाठी एक महिना. साडीचे वर्णन, दुकान, किंमत आणि तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी. मुदत संपल्यावर ती साडी अजूनही डोळ्यांसमोर असेल, घरातल्या कोणत्याही साडीशी तिचे साम्य नसेल आणि वेगळ्या खात्यात पैसे असतील, तर ती निःशंकपणे घ्यावी आणि आनंदाने नेसावी. माझ्या त्या पानावर पहिल्या वर्षी ३१ नोंदी झाल्या आणि त्यांतल्या ५ साड्या मी घेतल्या. बाकीच्यांपैकी कित्येक मला ते पान वाचेपर्यंत आठवतही नव्हत्या.

घ्यायची ठरली, तर पारखून घ्यावी

कमी घेणाऱ्याने चांगले घ्यावे, असे माझे मत आहे. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्कची आणि हातमागासाठी हँडलूम मार्कची खूण पाहावी. पैठणी हातमागावर विणलेली असेल तर पदरावरचे मोर, मुनिया, कमळ उलट बाजूनेही जवळजवळ तसेच स्वच्छ दिसतात. मागच्या बाजूला धाग्यांचे लांब लोंबते जाळे असेल, तर ती बहुधा यंत्रमागावरची असते. यंत्रमागावरची साडी घेण्यात काहीच गैर नाही, फक्त तिच्यासाठी येवल्याच्या विणकराच्या हातमागाची किंमत मोजू नये. तयार कपड्यांच्या बाबतीत २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून किमतीत कर धरला आहे की वरून लागणार आहे, हे आधी विचारावे. पावती घ्यावीच. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी का असेना.

घरात असलेल्या साड्यांचे काय करावे

मोजणी झाल्याबरोबर उत्साहाने अर्धे कपाट रिकामे करू नये, अशी माझी कळकळीची सूचना आहे. रिकामा कप्पा पुन्हा भरावासा वाटतो. माझ्या एका मैत्रिणीने चाळीस साड्या वाटून टाकल्या आणि दीड वर्षात तितक्याच नव्या आणल्या. पहिले सहा महिने काहीही बाहेर जाऊ देऊ नये. दुमडीच्या खुणेवरून ज्या साड्या अस्पर्श राहिल्या असतील, त्यांचाच नंतर विचार करावा.

जपायच्या साड्या सुती मलमलीत गुंडाळून ठेवाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, कारण आतल्या दमट हवेने जरीची तार काळी पडते. रेशमी साड्यांच्या घड्या तीन-चार महिन्यांनी बदलाव्यात, नाहीतर त्याच त्या दुमडीवर जरीची तार तुटते आणि कापड विरते. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवता येतात. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर त्या साडीला थेट लागू देऊ नयेत. या देखभालीचा एक लाभ असा की दर तीन-चार महिन्यांनी आपल्या साड्या आपल्याच हाताखालून जातात, आणि अमुक रंग आपल्याकडे नाही हा भ्रम राहत नाही.

बहिणी, जावा आणि मैत्रिणींमध्ये एका कार्यापुरती साडी नेसायला देण्या-घेण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू करावी. लग्नाच्या फोटोत तीच साडी दिसू नये, ही चिंता त्याने सहज मिटते. जीर्ण सुती साड्यांची गोधडी शिवून घ्यावी. बोहारणीला साड्या द्यायच्या असतील तर बदल्यात येणारे भांडे खरोखर हवे आहे का, याचा विचार करावा, अन्यथा कपाटातील गर्दी स्वयंपाकघरात जाते. नेसण्याजोग्या साड्या गरजूंना द्यायच्या असतील तर धुऊन, इस्त्री करून आणि शक्य तर ब्लाउजच्या कापडासह द्याव्यात.

नियम मोडला तर

तो मोडेल, बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच. तसे झाले तर साडीची नोंद नेहमीप्रमाणे वहीत करावी, रक्कम वार्षिक रकमेतून वजा करावी आणि दुमड भिंतीकडे करून ती कपाटात ठेवावी. पिशवी लपवू नये. घरच्यांपासून खरेदी लपवली की वहीतही खरे लिहिले जात नाही आणि हिशेब तिथेच संपतो.

काही जणींच्या बाबतीत मात्र हा केवळ सवयीचा प्रश्न नसतो. घेतलेल्या साड्या न उघडताच लपवून ठेवल्या जात असतील, त्यासाठी कर्ज किंवा दागिन्यांवर उचल घेतली जात असेल, खरेदी न केल्यास जीव घाबरा होत असेल आणि केल्यावर तीव्र लाज वाटत असेल, तर वही पुरेशी पडणार नाही आणि त्यात त्या व्यक्तीचा दोषही नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

वही कपाटाच्या दाराला आतून दोरीने बांधून ठेवावी आणि पेनही तिलाच बांधावे, कारण पेन शोधायला दुसऱ्या खोलीत गेले की नोंद राहून जाते. पुढच्या वर्षीच्या मोजणीसाठी मी ज्येष्ठातला शेवटचा रविवार निवडला आहे. आषाढाचे सेल त्यानंतर लागतात, आणि तेव्हा आपल्याकडे किती साड्या आहेत हे नुकतेच मोजलेले असते.